साऱ्याचा कागद

१९ फेब्रुवारी १९६८, सोमवार

मागच्या पायरीवर आम्ही दोघी बसलो होतो, मैमुनाआपा आणि मी. मध्ये तिसऱ्यांच्या शिंपल्यांची टोपली. तिच्या डाव्या अंगठ्याला शाई लागली होती आणि मी लिंबाच्या फोडीने ती घासत होते. निघेना. ती हसत होती — "राहू दे गं, लोकांना वाटू दे मैमुना शाळेत जाते." हात खाऱ्या पाण्याने भेगाळलेले, लिंबू झोंबत असणार. पण तिने हात मागे घेतला नाही. दुपारी तिसऱ्यांचं कालवण झालं आणि मोठा वाटा तिने माझ्या ताटात घातला, कारण याकूब पोटात होता. तीस वर्षं झाली.

हे आज का आठवलं ते लिहायला हात धजत नाही. आधी पत्राचं लिहिते.

हारुन मास्तरांचं पत्र आलं. आमचे गावचे शेजारी, तिथल्या शाळेत शिकवतात. गावचं घर लिलावात गेलं! ५ तारखेला, रत्नागिरीच्या कचेरीत. पाच वर्षांचा जमीनसारा थकला होता म्हणून सरकारने विकलं. घेणारा बाजारपेठेतला कुणी व्यापारी. विक्रीपासून तीस दिवसांच्या आत मालकाने थकबाकी भरून अर्ज केला तर लिलाव रद्द होतो. नाहीतर घर गेलं. तीस दिवस म्हणजे ६ मार्च.

आपा त्या घरात राहते. माझी मोठी नणंद, बासष्ट वर्षांची. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती तिथेच राहिली. तिला दुसरं छप्पर नाही.

मास्तर लिहितात — दोनदा सांगितलं, माझ्याबरोबर कचेरीत चला. येत नाहीत. म्हणतात, साऱ्याचं मी केव्हाच मिटवलंय, अंगठा दिलाय, झुबेदाने स्वतः कागद वाचून दाखवला होता. तलाठ्यालाही हेच सांगून त्यांनी दारातून परतवून लावलं.

पत्र उशीखाली सारलं. याकूब दुकानातून आला तेव्हा त्याला बाकीचं सगळं सांगितलं. ही एक गोष्ट सोडून.

२० फेब्रुवारी

आम्हाला आधी कसं कळलं नाही ते आज कळलं.

हे गेले त्याला शंभर दिवस झाले. माझी इद्दत चालू आहे, विधवेचे चार महिने दहा दिवस, २१ मार्चपर्यंत या खोलीत. त्यांच्या नावाची पत्रं येत राहिली. सुनेने, सायराने, ती फोडली नाहीत, त्यांच्या काळ्या बॅगेत ठेवत गेली. "अब्बांची पत्रं इद्दत संपल्यावर अम्मी स्वतः उघडतील" — असं तिने याकूबला सांगितलं होतं, आणि मला ते फार बरं वाटलं होतं. पाकिटं बंद आहेत तोवर त्यांचं टपाल अजून येतं आहे असं वाटायचं. पोस्टमनला कळलेलं नाही, तर कदाचित...

आज बॅग उघडली. अकरा पाकिटं. त्यातली तीन कचेरीची, मास्तरांनी पत्ता घालून इकडे पाठवलेली. थकबाकीची नोटीस, मग जप्ती, मग लिलावाची तारीख. तिन्ही मी रोज जिथे नमाज पढते तिथून हातभर अंतरावर पडून होती.

सायरा रडायला लागली. तिला जवळ घेतलं. म्हटलं, तू प्रेमाने केलंस गं. मलाही तेच हवं होतं.

पूर्वी सारा यांचे चुलतभाऊ जमालभाई भरायचे. ते पाच वर्षांपूर्वी वारले. हे दर वर्षी म्हणायचे, कुणाला तरी सांगायला हवं. मी म्हणायची, सांगा. मग आम्ही चहा प्यायचो.

२१ फेब्रुवारी

अहमदभाई आले. इथे आखातात, देऱ्यातल्या एका व्यापारी ऑफिसात हिशेबनीस आहेत, पण त्याआधी बारा वर्षं रत्नागिरीच्या कचेरीत कारकून होते. पडद्याच्या पलीकडे बसले, मी अलीकडे. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

मास्तरांनी लिलावाच्या जाहीरनाम्याची नक्कल पाठवली होती, ती याकूबने पडद्याखालून सरकवली. अहमदभाईंनी मोठ्याने वाचली. पैशाची काळजी नको म्हणाले. थकलेला सारा, लिलावाचा खर्च आणि घेणाऱ्याला त्याच्या रकमेवर शेकडा पाच — सगळे मिळून आठशे वीस रुपये, म्हणजे इथले पाचशे वीस रियाल. आमच्या मुंबईच्या ऑफिसला कळवतो, ते तारेने मास्तरांना पाठवतील.

"पैसे पोचतील भाभी. माणूस कसा पोचवायचा ते सांगा."

अर्ज मालकानेच करायचा. हे मालक, ते गेले. याकूबचं आणि माझं नाव वारस म्हणून अजून चढलेलं नाही. इथून मुखत्यारपत्र करायचं तर इंग्रज साहेबाच्या ऑफिसात सही, मग टपाल. स्टीमर पुढच्या बुधवारी सुटते, मध्ये कराची. दहा मार्चला पोचेल. याकूब स्वतः गेला तरी तेच.

"सरकार पाच वर्षं झोपतं," अहमदभाई म्हणाले, "आणि मग तीस दिवस डोळा लावत नाही. मी तिथेच होतो, मला माहीत आहे."

मग जाहीरनामा पुन्हा वाचायला लागले आणि थांबले. मालकाच्या रकान्यात दोन नावं आहेत म्हणाले. यांचं, मोहिद्दीन, आणि मैमुनाबी.

"ही तर तिथेच आहे! हिने उद्या तरीच्या होडीत बसून रत्नागिरीला जावं आणि अर्जावर अंगठा द्यावा. खलास."

याकूब म्हणाला, फुफीचं नाव कसं? अब्बा म्हणायचे, घर एकट्याच्या नावावर आहे.

पडद्याची किनार हातात धरून बसले.

२२ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. शहनाझने विचारलं, दादी, आर यू सिक? म्हटलं, नो, माय डार्लिंग. सहा वर्षांची आहे. कपाळाला हात लावून पाहिला आणि सायराला जाऊन सांगितलं, शी इज कोल्ड.

२४ फेब्रुवारी, शनिवार

बॅगेच्या तळाशी, अस्तराच्या आत तो कागद सापडला. पिवळा पडलेला, चार घड्यांचा. मला वाटत होतं हा तीस वर्षांपूर्वीच कचेरीत गेला.

आता लिहायलाच हवं. या घरात मराठी वाचणारं दुसरं कोणी नाही. सायरा उर्दू वाचते, याकूब इंग्रजी. तरी दाराकडे पाहते आहे.

१९३८. यांना बहारीनला जायचं होतं. तिकिटाला आणि पहिल्या मालाला पैसे हवे होते. सावकार म्हणाला, घर एकट्याच्या नावावर असेल तर देतो. सासरे नुकतेच वारले होते, घरात बहिणीचाही वाटा होता. यांनी कागद करून आणला — मी मैमुनाबी, वडिलांच्या घरातला माझा हक्क राजीखुषीने भावाला सोडून देते.

मला म्हणाले, "तिला समजावत बसलो तर महिना जाईल आणि स्टीमर चुकेल. तू वाच. साऱ्याचा कागद आहे म्हण. तुझ्यावर तिचा विश्वास आहे."

मी वाचला. घरात मीच शिकलेली. मुंबईच्या कॉन्व्हेंटची, सिस्टर बर्नाडेटने एलोक्यूशनचं बक्षीस दिलेली. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं येत होतं. मी ओळींवरून बोट फिरवत गेले आणि तोंडाने दुसरंच वाचलं — घराचा सारा आता कायमचा मिटला, पुन्हा कुणाला द्यावा लागणार नाही. मनाने रचलं. छान रचलं! आपा म्हणाली, एवढंच ना? आणि अंगठा दिला. मग बाहेर येऊन आम्ही तिसऱ्या साफ करायला बसलो, आणि मी लिंबू आणलं.

पैसे शेवटी दुसरीकडून मिळाले. कागदाचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. यांनीही सांगितलं नाही. कचेरीत दिलाच नव्हता तर! शरम वाटली असेल का? बहारीन, मग शारजात रोल्लाच्या वडाजवळचं भाड्याचं घर, मग देरा — प्रत्येक ठिकाणी ही बॅग बरोबर होती. कागद फाडायचा धीर नाही आणि द्यायचाही नाही. मी त्यांची बायको, मला हे अगदी समजतं.

म्हणून तलाठी परत गेला. म्हणून ती मास्तरांचं ऐकत नाही. घर जातं आहे ते माझ्या त्या एका वाचनामुळे.

२५ फेब्रुवारी

शाळेत शनिवारी संध्याकाळी कॅथलिक मुली चॅपलमध्ये कन्फेशनला, पापं सांगायला, जायच्या. आम्ही बाहेर बाकावर, मी आणि दोन पारशी मुली. त्या आत जाताना तोंड वाळलेलं असायचं आणि पाच मिनिटांत धावत बाहेर यायच्या. आम्हाला हेवा वाटायचा. त्यांच्यातली फ्लॉसी म्हणायची, सोपं असतं, अंधारात फादरचं तोंड दिसत नाही.

खरं कळवायचं तर मास्तरांना सगळं वाचावं लागेल. तार घेणाऱ्या कारकुनाला. याकूबला. आणि मग आपाला, दिवसाढवळ्या.

२६ फेब्रुवारी

नऊ दिवस राहिले. अहमदभाईंनी पैसे पाठवले. मास्तरांना तार केली, मैमुनाबींना कचेरीत न्या.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरांची उलट तार. पैसे मिळाले. मैमुनाबी नकार देतात.

अहमदभाई पुन्हा आले. मी पडद्याआडून विचारलं, समजा एखाद्या बहिणीने हक्क सोडल्याचा कागद घरात नुसताच पडून असेल, तर तिला अर्ज करता येतो का?

चपला मागे सरकल्या. मग म्हणाले, "कचेरीला जे दाखवलं नाही ते कचेरीला माहीत नाही, भाभी. नाव आहे तोवर मालकीण आहे." आणि हळू आवाजात, "तुमच्याकडे आहे काय तो?"

मी सायराला चहा आणायला सांगितलं. चहा न घेता गेले.

याकूब चिडला होता. फुफी हट्टी आहे म्हणाला. जाऊ दे घर, कोण परत जाणार आहे तिथे? शहनाझ जाईल? तिला तर मासळीचा वास चालत नाही. मी म्हटलं, फुफी कुठे जाईल? तर म्हणाला, इकडे आणू, इन्शाल्ला. चाळीस वर्षं एकाच विहिरीचं पाणी काढणारी बाई, तिला म्हणे इकडे आणू. डब्यातलं विकतचं पाणी पाजू.

मुलगा वाईट नाही. त्याला कुणी खरं सांगितलेलं नाही.

२८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून तार लिहिते आहे. नऊ कागद फाडले. इंग्रजीत लिहायची, शब्दाला पैसे. आधी सगळं झाकून लिहिलं — तुझं नाव घरावर आहे, कृपा करून जा. वाचून पाहिलं आणि कळलं, ती जाणार नाही. तिच्या मते सारा मिटलेला आहे. मी सांगितलं होतं. माझ्या शब्दावर ती घर घालवेल.

शेवटी जे लिहिलं ते मराठीत इथे ठेवते. मैमुनाआपास वाचून दाखवा. अडतीस सालचा कागद साऱ्याचा नव्हता. तुझा हक्क काढून घेण्याचा होता. मी खोटं वाचलं. हक्क अजून तुझाच आहे. सहा तारखेच्या आत कचेरीत अर्ज कर. झुबेदा.

मला बाहेर जाता येत नाही. याकूबच्या हातात दिली. म्हटलं, वाचू नकोस. मग म्हटलं, नाही, वाच. त्याने उभ्याने वाचली.

"अम्मी, हे खरं?"

"हो."

"अब्बांना माहीत होतं?"

मी काळ्या बॅगेकडे पाहिलं. तो समजला. मग म्हणाला, "तो कागद कुठे आहे? कारण तो रजिस्टर केला तर —" आणि स्वतःच थांबला. माझ्याकडे न बघता तार खिशात घालून गेला. दीड तासाने आला. पावती माझ्यापुढे ठेवली. जेवायला बसला नाही.

२९ फेब्रुवारी

उत्तर नाही.

३ मार्च, रविवार

उत्तर नाही. रोज अस्रच्या नमाजानंतर याकूब तारघरात जाऊन येतो. त्याची पावलं जिन्यावर ओळखते. रिकाम्या हाताची पावलं वेगळी असतात.

भीती कशाची ते आता मलाच कळेनासं झालं आहे. घर जाईल याची होती. आता वाटतं, ती तार ऐकून आपाने काय केलं असेल? भांडी घासत बसली असेल? मास्तरांना म्हणाली असेल, पुन्हा वाचा? गेली नाही तर मला शिक्षा म्हणून जाणार नाही, आणि तिला तसा हक्क आहे. बेघर होऊन मला शिक्षा. करेल ती. तशी आहे.

शिवणाच्या मशीनवर शहनाझचा फ्रॉक घेतला. तीनदा सुई तुटली.

५ मार्च

आज गेली असेल तर भरतीच्या आधी तरीची होडी धरली असेल. गुडघे दुखतात तिचे. तरीत चढताना कुणी हात दिला असेल का.

६ मार्च, बुधवार

तिथे पाचला कचेरी बंद. इथे तेव्हा साडेतीन. घड्याळाकडे तोंड करून बसले. साडेतीन वाजले. मग पावणेचार. बाहेर खाडीवर होड्यांचे अब्रावाले नेहमीसारखे ओरडत होते.

काही आलं नाही.

८ मार्च, शुक्रवार

तार! मास्तरांची. चार शब्द — अर्ज दाखल, रक्कम भरली. तारेवरची तारीख सहा. शेवटच्या दिवशी!

याकूबने जिन्यावरूनच हाक मारली. सायरा माझ्या गळ्यात पडली. मी शुक्राच्या, आभाराच्या, दोन रकात नमाज पढले आणि सजद्यातून उठवेना.

पण तारेत माझ्यासाठी काही नाही. तिच्याकडून एक शब्द नाही.

१० मार्च

बकरी ईद. इद्दतीत नवे कपडे नाहीत. अहमदभाईंनी मटण पाठवलं आणि निरोप — मोहिद्दीनभाईंच्या घराची ईद मुबारक. मैमुनाबींच्या, असं म्हणायला हवं होतं. मी सायराला दुरुस्त करायला सांगितलं नाही. अजून तेवढा धीर नाही.

१८ मार्च, सोमवार

पत्र आलं. मास्तरांच्या अक्षरात, आपाने सांगितलेलं. सकाळी आलं, मी दुपारी उघडलं.

मास्तर आधी आपलं लिहितात. तार वाचून दाखवली तेव्हा मैमुनाबी चुलीपाशी होत्या. सहा दिवस बोलल्या नाहीत, कुणाशीच. सातव्या दिवशी सकाळी छत्री घेऊन दारात आल्या, म्हणाल्या, मास्तर, चला. कचेरीत कारकुनाने शाईचा डबा पुढे केला तर म्हणाल्या, आधी वाचा. त्याने वाचलं. म्हणाल्या, आता मास्तरांना वाचू द्या. मास्तरांनी वाचलं. मग बाहेरच्या चहावाल्याला आत बोलवायला लावलं आणि त्याच्याकडूनही वाचून घेतलं. तिघांचं जुळलं तेव्हा अंगठा दिला. सारी कचेरी हसत होती, त्या हसल्या नाहीत. तीस दिवसांची मुदत संपली, वाद कुणी घातला नाही, लिलाव रद्द झाला. घेणाऱ्याला त्याचे पैसे आणि वर शेकडा पाच मिळाले. तो खूष आहे.

मग खाली तिचं, जसं सांगितलं तसं —

"झुबेदा, तेव्हा खरं वाचलं असतंस तरी मी अंगठा दिला असता. माझा एकुलता भाऊ होता, परमुलखात चालला होता. मी नाही म्हटलं नसतं. ते तुम्हा दोघांना कळलं नाही, याचं मला वाईट वाटतं. आता देणार नाही. याकूबला सांग, अंगठ्यासाठी कागद पाठवू नकोस. मोहिद्दीनला अल्ला माफ करो. तुझं मी अजून ठरवलेलं नाही."

किती वेळा वाचलं ते सांगत नाही. एकही ओळ सोडली नाही.

२१ मार्च, गुरुवार

इद्दत संपली. आंघोळ करून बाहेरच्या खोलीत आले. पडदा काढला. अहमदभाईंचं तोंड चार महिन्यांनी पाहिलं, म्हातारे झाले आहेत. ते आणि त्यांच्या ऑफिसातले रफिक, दोघे साक्षीला आले होते.

माझी स्टीमर शनिवारी. परतीचं तिकीट काढलेलं नाही. आपा दार उघडेल की नाही माहीत नाही. नाही उघडलं तर मास्तरांच्या पडवीत राहीन.

याकूबला सांगून ठेवलं आहे, इथेही लिहिते.

शिवणाचं मशीन सायराचं. सुया डाव्या खणात आहेत. काळी बॅग आणि घड्याळ याकूबचं. बॅगेचं अस्तर मी शिवून दिलं आहे, आत काही नाही. एलोक्यूशनचं मेडल शहनाझला, मोठी झाली की. कशासाठी मिळालं होतं ते तिला सांगावं, आणि मी त्याचं काय केलं तेही. यांची छत्री अहमदभाईंना.

गावच्या घरातला याकूबचा वाटा त्याचा, त्याचं त्याने ठरवावं. फुफीकडे मात्र कधी काही मागू नये.

अडतीस सालचा कागद आपाच्या हातात. आधी तिला वाचून दाखवीन, आहे तसा. मग चहावाल्यालाही बोलवायचं असलं तर तिने बोलवावं.

गावच्या घरातल्या यांच्या वाट्यात विधवा म्हणून माझा जो आठवा हिस्सा येतो तो मैमुनाआपाला. आज कागद केला. हा बॅगेत राहणार नाही, रत्नागिरीला पोचताच नोंदवायचा. अहमदभाईंनी मोठ्याने वाचला, रफिकने पुन्हा वाचला. मी खाली सही केली, सिस्टर बर्नाडेटने शिकवलेली, गोल अक्षरांची. मग शाईचा डबा मागितला. अहमदभाई म्हणाले, भाभी, सही आहे, अंगठा लागत नाही. तरी दिला.

अंगठा अजून काळा आहे. सायराने लिंबू आणून दिलं होतं. ते परत ठेवायला सांगितलं.